वर्गणीचा रुपया आणि उत्सवाचा हिशेब

श्रावण सरत आला, बैलांच्या शिंगांना रंग चढू लागला, की पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली पावतीपुस्तके बाहेर पडतात. पोळा फुटतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो आणि लागलीच गणपती बसतात. गणपती उठले की दुर्गेच्या मंडपाचे बांबू रोवले जातात. त्यामागोमाग कोजागिरी, दिवाळी. पुढे नोव्हेंबरात बिरसा मुंडा जयंती, फेब्रुवारीत शिवजयंती, चैत्रात रामनवमी, १४ एप्रिलला भीमजयंती, हनुमान जयंतीचा महाप्रसाद. त्याच रस्त्यांवरून ईद-ए-मिलादचा जुलूसही निघतो. एखाद्या वस्तीत वर्षाकाठी दोन सार्वजनिक कार्यक्रम होतात, एखाद्या वस्तीत पाच. प्रत्येकाचे मंडळ वेगळे, पावतीपुस्तक वेगळे, आणि ते ज्यांच्या दारी येते ती घरे मात्र बहुधा तीच.

या सर्वांचा मिळून खर्च किती होतो, हे गावातील जाणता मनुष्यही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. नगर परिषदेचा अर्थसंकल्प निदान सभेपुढे मांडला जातो. पतसंस्थेचा ताळेबंद वार्षिक सभेत वाचला जातो. तो ऐकणारे थोडे असले तरी वाचला जातो. शाळेच्या सहलीचा हिशेबसुद्धा मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतो. परंतु दर वर्षी घराघरांतून गोळा होणारा आणि एका अर्थाने खऱ्याखुऱ्या सार्वजनिक करासारखा असलेला हा पैसा कोठून किती आला व कोठे गेला, हे विचारण्याची रीतच राहिलेली नाही. विचारणारा मनुष्य कंजूष ठरतो, नाही तर नास्तिक ठरतो. वस्तुतः तो यांपैकी काहीच नसतो. तो केवळ देणारा असतो, आणि देणाऱ्याला विचारण्याचा अधिकार असतो.

उत्सव काय देतो

उत्सवावरील खर्च म्हणजे उधळपट्टी, असा एक सुशिक्षित समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, कापसाच्या बाजाराचे आणि तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. येथील बाजारात मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, गोंडी व कोलामीही कानी पडते. सरकारी बदलीने आलेला कारकून, जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला आलेला मजूर, शिक्षणासाठी खेड्यावरून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, शेती सोडून दुकान टाकलेला कुटुंबप्रमुख, अशी नाना दिशांनी आलेली माणसे येथील नव्या लेआऊटमध्ये शेजारी होतात. त्यांना एकमेकांची नावे ठाऊक होतात ती पुष्कळदा वर्गणीच्या पावतीवर. आरतीला, पंगतीला, रक्तदानाला, मुलांच्या चित्रकला-स्पर्धेला ती प्रथम एकत्र येतात. ज्या वस्तीत दहा दिवस एका मांडवाखाली बसण्याची सवय आहे, त्या वस्तीत रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर गाडी लवकर मिळते. हा लाभ ताळेबंदात दिसत नाही. पण तो लाभ आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा प्रकार नवलाचा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन याने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, ज्या गोष्टीचा लाभ सर्वांनाच मिळणार, तिच्यासाठी आपल्या खिशात हात घालण्याचे मनुष्य टाळतो. दुसरा देईल, आपले भागेल, असे त्याला वाटते. लहान समूहात मात्र ही चालढकल चालत नाही, कारण तेथे कोणी दिले व कोणी नाही, हे सर्वांना दिसते. मोहल्ल्याचे मंडळ हे त्याचे चालते-बोलते उदाहरण होय. घरपट्टीच्या वसुलीसाठी नगर परिषदेला नोटिसा काढाव्या लागतात. मंडळाची पोरे मात्र आठ दिवसांत सारी वस्ती पालथी घालतात. सामूहिक कामासाठी पैसा उभा करण्याची ही शक्ती लहान नव्हे. ती सत्कारणी लागते की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

उत्सवातून काहीतरी मागे उरावे, ही अपेक्षा नवी नाही. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला जे सार्वजनिक रूप दिले, त्यात मूर्तीइतकेच महत्त्व व्याख्यानांना व मेळ्यांना होते. त्याआधी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ऋतूचे निमित्त आणि विचारांची बैठक असा तो संगम होता. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचे ताट मांडण्याची रीत महाराष्ट्राला लागली. आरास उतरते, मूर्ती विरघळते. पण ऐकलेले व्याख्यान, वाचलेला अंक आणि लागलेली सवय टिकते. त्या पिढीने उत्सवाकडे या दृष्टीने पाहिले. आजच्या मंडळांकडून याहून कमी अपेक्षा करण्याचे कारण नाही.

देणाऱ्याची ऐपत आणि पिकाचे वेळापत्रक

पहिला प्रश्न, हा रुपया येतो कोठून. पांढरकवड्याचे अर्थकारण कापसावर चालते. जूनमध्ये पेरलेला कापूस वेचणीला येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पैसा खऱ्या अर्थाने खेळू लागतो दिवाळीच्या सुमारास व नंतर. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात शेतकरी चुकाऱ्याची वाट पाहत असे. ती योजना आता इतिहासजमा झाली आहे; पिकाचे वेळापत्रक मात्र होते तेच आहे. पोळा, गणपती व दुर्गा हे तिन्ही सण भाद्रपद-आश्विनाच्या मागेपुढे येतात, म्हणजे नेमके अशा दिवसांत, जेव्हा पीककर्ज बियाणे, खते व फवारणी यांत संपलेले असते आणि बोंड अजून झाडावर असते.

गावातील दुकानदाराची स्थिती याहून निराळी नसते. या दोन-तीन महिन्यांत त्याचा बराचसा माल उधारीवर जातो आणि वसुली होते ती कापूस विकला गेल्यावर. तेव्हा गणपती-दुर्गेच्या दिवसांत त्याच्या गल्ल्यातून निघणारी वर्गणी ही नफ्यातून निघत नाही. ती त्याच्या खेळत्या भांडवलातून निघते. मोठ्या व्यापाऱ्याला याचे ओझे वाटत नाही. पानठेला, सायकल-दुरुस्ती, भाजीचा गाडा, शिवणयंत्र यांवर जगणाऱ्याला ते वाटते, आणि एका चौकात चार मंडळे असली तर चौपट वाटते. ज्याचे वेतन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होते, ज्याला सरकारकडून सण अग्रिम मिळू शकतो, त्या शिक्षकाची वा कारकुनाची ऐपत आणि रोजंदारी करणाऱ्याची ऐपत या दोहोंना एकच आकडा लावणे यात समता नाही, अन्यायच आहे.

याच गावातील एक जुनी रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि घरधनी त्यांच्या हातावर बोजारा ठेवतो. कोणी नाणे देतो, कोणी नोट, कोणी खाऊ. मूल पावती फाडत नाही आणि ‘गेल्या वर्षी इतके दिले होते’ असे सुनावत नाही. देणाऱ्याच्या इच्छेला तेथे जागा आहे. म्हणून देण्यात आनंद आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या उत्सवात तर वर्गणीच नाही. मुली गाणी म्हणतात आणि ज्या घरी त्या दिवशी भुलाबाई, त्या घरचा खाऊ ओळखतात. पोहे असोत की पेढे, ओळखण्याची गंमत तेवढीच. उलट, पावतीवर आधीच आकडा लिहून आणायचा, दहा-पंधरा जणांनी दुकानापुढे उभे राहायचे आणि दुकानदाराने ‘थोडे कमी करा’ म्हणून विनवायचे, या प्रकाराला वर्गणी हे नाव शोभत नाही. स्वेच्छा गेली की वर्गणीची खंडणी होते. मध्ये देव असला तरी होते.

रुपया जातो कोठे

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आणि त्याहून दुर्लक्षित आहे. गोळा झालेला रुपया गावात फिरतो की गावाबाहेर जातो?

यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल गणला जातो, असे या जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते. तुलना करायचीच तर ती पुरी करावी. कोलकात्याच्या दुर्गापूजेचा डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्याच वर्षी ब्रिटिश कौन्सिलने एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१९ च्या पूजेभोवतीच्या दहा प्रकारच्या सर्जनशील उद्योगांची उलाढाल त्यात ३२,३७७ कोटी रुपये, म्हणजे पश्चिम बंगालच्या सकल उत्पन्नाच्या २.५८ टक्के, अशी अंदाजली होती. आकडा मोठा आहे. पण त्याची वाटणी अधिक बोलकी आहे. कुमारटुलीचे मूर्तिकार, मंडप उभारणारे कारागीर, रोषणाई करणारे, ढाक वाजविणारे, पूजा-विशेषांक काढणारे प्रकाशक अशा अनेक हातांत तो पैसा जातो, आणि त्यांतले पुष्कळसे हात बंगालचेच असतात. उत्सव तेथे कारागिराचे वर्षभराचे पोट आहे.

पांढरकवड्यातील मंडळांनी आपला खर्च याच कसोटीला लावून पाहावा. मूर्ती गावच्या कुंभाराकडून मातीची घेतली, तर त्या रुपयाने कुंभार किराणा घेतो, किराणावाला शिंप्याचे बिल चुकते करतो, शिंपी मुलाची फी भरतो. एकच रुपया गावात तीन-चारदा उपयोगी पडतो. स्थानिक मंडपवाला, हलवाई, फुलवाला, पेंटर, बँड पथक, डफडे वाजविणारे, भजनी मंडळ यांना दिलेला पैसा असाच फिरतो. परंतु साचातून काढलेली मूर्ती बाहेरून आणली, एका रात्रीसाठी मोठ्या शहरातून ध्वनियंत्रणेचा ट्रक मागविला, तर तो रुपया त्याच ट्रकमध्ये बसून गावाबाहेर जातो आणि परत येत नाही. मागे राहतो तो केवळ कानातला दडा.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. समजा, एका वस्तीत दीडशे घरे आणि पन्नास दुकाने आहेत आणि प्रत्येकाने पाचशे रुपये दिले; तर एक लाख रुपये जमा होतात. त्यातील निम्मे एका मिरवणुकीच्या आवाजावर व झगमगाटावर गेले, तर पन्नास हजार रुपये काही तासांत गावाबाहेर पडले. वर्षात असे दोन उत्सव झाले, तर एक लाख. गावात अशा वीस वस्त्या धरल्या, तर वीस लाख. हा आकडा गृहीत धरलेला आहे, मोजलेला नाही. तो खरा किती, हे मंडळांनीच सांगावे. पण कापसाचा भाव क्विंटलमागे शंभर रुपयांनी पडला तर हळहळणाऱ्या गावाने या गळतीचा विचारच करू नये, हे बरोबर नाही.

त्या आवाजाची किंमत पैशांत मोजता येत नाही, पण कायद्याने तिला मर्यादा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असावा, असा दंडक आहे. वर्षातील मोजक्या दिवशी तो मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा शासनाला आहे. भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, पहिल्या सत्राच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, हृदयविकाराचा वृद्ध, बाळंतीण, ही सर्व त्याच वस्तीची माणसे असतात. त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची आणि त्याच वर्गणीतून त्यांची झोप उडवायची, याला उत्सव कसे म्हणावे? तात्पुरती वीजजोडणी मिळत असताना खांबावर आकडा टाकण्याची सवयही अशीच. तेथे वाचविलेला पैसा एखाद्या कार्यकर्त्याच्या जिवावर बेतू शकतो.

उत्तर घरातच आहे

मग करायचे काय? कायदा आहे, असे उत्तर तत्काळ मिळते, आणि ते खरे आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात, नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी व नंतर हिशेब द्यावा, अशी तरतूद आहे. परंतु जिल्ह्याच्या कार्यालयात दाखल झालेला कागद वस्तीतील विधवेला दिसत नाही, आणि तिला दिसल्याखेरीज हिशेब दिला असे होत नाही. कायद्याचा धाक दुरून पडतो; शेजाऱ्याची नजर जवळून.

ही नजर कशी असावी, हे शिकायला पांढरकवड्याच्या तरुणांना दूर जाण्याचे कारण नाही. त्यांच्या आया, बहिणी व वहिन्या ते गेली कित्येक वर्षे करीत आल्या आहेत. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम आरंभिला. त्यानंतर महाराष्ट्रात खेडोपाडी व वस्तीवस्तीत बचत गट उभे राहिले. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत महिला बचत गटांचा मोठा मेळावा झाला, तो याच पांढरकवड्यात. त्या मेळाव्याचे राजकारण बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते: हिशेब ठेवण्याची व ठेवून दाखविण्याची विद्या या भागातील हजारो स्त्रियांना अवगत आहे.

बचत गटाची रीत साधी असते. ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि प्रत्येक रुपयाची नोंद, ही त्याची पंचसूत्री. नोंदवही सर्वांसमक्ष उघडते. शिल्लक मोठ्याने वाचली जाते. बँकेतून पैसा काढायचा तर एकटीच्या सहीने काढता येत नाही. अध्यक्ष व सचिव आळीपाळीने बदलण्याची पद्धत असते. निरक्षर सदस्याही आपले किती पैसे जमा आहेत, हे तोंडपाठ सांगते. दोन-चार गट भांडणाने मोडतात, हेही खरे. पण मोडतात तेव्हा का मोडले, हे सर्वांना ठाऊक असते.

आता त्याच घरातील दुसरे चित्र पाहावे. आई गटाच्या वहीत वीस रुपयांचा हिशेब लावते आणि मुलगा मंडळाचा लाखाचा व्यवहार खिशातील चिठोऱ्यांवर करतो. मंडळाच्या कार्यकारिणीत स्त्रियांची नावे बहुधा नसतात; असली तर हळदीकुंकू व रांगोळी-स्पर्धा एवढ्यापुरती. ज्यांना हिशेब येतो त्या मंडपाबाहेर, आणि ज्यांना तो शिकायचा आहे ते गादीवर, अशी ही उलटी वाटणी आहे. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री. १९९० सालच्या आपल्या ग्रंथात तिने गायरान, पाणी, मासेमारी यांसारखी सामाईक साधने लोक स्वतः कशी सांभाळतात, याचा अभ्यास मांडला. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा, की नियम ज्यांना लागू होतात त्यांनीच ते करावेत आणि देखरेख करणारा हा वापरणाऱ्यांना उत्तर देणारा असावा. मग सामाईक गोष्ट टिकते. मोहल्ल्याची वर्गणी ही अशीच सामाईक मालमत्ता होय.

तेव्हा मंडळांपुढे चार गोष्टी ठेवता येतील. पहिली, कार्यकारिणीत निम्म्या जागा वस्तीतील स्त्रियांना, आणि खजिनदार शक्यतो बचत गटाची वही लिहिलेली स्त्री. दुसरी, एकरकमी वर्गणीऐवजी, ज्याला सोयीचे असेल त्याच्याकडून महिन्याचा हप्ता. वर्षाचे पाचशे रुपये म्हणजे महिन्याला बेचाळीसच्या आसपास होतात, आणि भाद्रपदात ज्याच्या हाती पैसा नसतो त्यालाही तेवढे जमते. आकडा देणाऱ्याने सांगावा. पावती त्यानंतर फाडावी. तिसरी, विसर्जनानंतर आठ दिवसांत चौकात फलक लावावा आणि त्यावर जमा, खर्च व शिल्लक या तीन रकाने स्वच्छ अक्षरांत लिहावेत. गावातील खर्च किती व बाहेरचा किती, हेही त्यात यावे. चौथी, जमेचा चौथा हिस्सा टिकाऊ कामासाठी बाजूला ठेवावा.

या चौथ्या हिश्श्याचे मोल थोडे नाही. वर सांगितलेल्या वस्तीत एका उत्सवामागे पंचवीस हजार, दोन उत्सवांचे पन्नास हजार, पाच वर्षांचे अडीच लाख. तेवढ्यात वस्तीच्या सभागृहात दिवे, पंखे, टेबले व पुस्तके असलेली अभ्यासिका उभी राहते. खेड्यावरून आलेल्या मुलामुलींना रात्री दहापर्यंत शांतपणे बसता येईल अशी जागा हे या गावासाठी सर्वांत मोठे प्रसाद-वाटप ठरेल. कोठे ती जागा पाण्याच्या टाकीला लागेल, कोठे रुग्णवाहिकेच्या डिझेलला. ते वस्तीने ठरवावे.

आक्षेप आणि उत्तर

देवाच्या कामात हिशेब कसला, असे विचारले जाईल. उत्तर असे, की देवस्थानांची दानपेटी उघडतात तीही पंचांसमक्ष. तालुक्याला ज्या गावाचे नाव लाभले त्या केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात दुरून भाविक येतात; श्रद्धेने वाहिलेला पैसा मोजला म्हणून श्रद्धा उणी होत नाही. दुसरा आक्षेप असा, की हिशेब मागितला तर मुले काम सोडतील. सोडणारी सोडतील, परंतु जी रात्र रात्र जागून मंडप उभारतात, त्यांच्यावर विनाकारण येणारा संशय फलकानेच दूर होईल. हिशेब हा प्रामाणिक कार्यकर्त्याचा आधार आहे. त्याची अडचण होते ती दुसऱ्यालाच.

तिसरा आक्षेप न बोलता घेतला जातो. ध्वनियंत्रणेचा व मोठ्या फलकांचा खर्च मंडळ करीतच नाही, तो ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ करतात, तेव्हा वस्तीचे काय जाते? वस्तीचे मंडळ जाते. वस्तीतील माणसांनी दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांनी उभे राहिलेले मंडळ वस्तीचे असते. एकाच्या पैशावर उभे राहिलेले त्या एकाचे होते, आणि त्याची फेड निवडणुकीच्या वेळी करावी लागते. फलकावर देवीपेक्षा देणगीदाराचा चेहरा मोठा झाला, की मालकी कोणाची हे निराळे सांगावे लागत नाही. म्हणून देणगीलाही मर्यादा हवी आणि तिची नोंदही त्याच फलकावर हवी.

हे सर्व एका धर्माच्या वा एका समाजाच्या उत्सवाला उद्देशून नाही. गणपती असो, दुर्गा असो, जयंती असो, जुलूस असो, पैसा लोकांचा असेल तर हिशेब लोकांपुढे यावा. २०२० साली कोरोनाच्या संकटात मुंबईच्या लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता आरोग्योत्सव केला, रक्तदान घडविले. त्याने कोणाची भक्ती बुडाली नाही. त्या वर्षी सक्ती रोगाची होती. तीच गोष्ट स्वखुषीने थोड्या प्रमाणात दर वर्षी करता येते.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यावर याची जबाबदारी अधिक आहे, कारण आकडे मांडण्याची सवय त्यांना आहे आणि मंडपात त्यांचा शब्द ऐकला जातो. त्यांनी वर्गणी बंद करू नये. ती आनंदाने द्यावी, पावती घ्यावी, आणि विसर्जनानंतर ती पावती घेऊन फलकापुढे उभे राहावे. फलक नसेल तर तो कधी लागणार, एवढेच नम्रपणे विचारावे. पहिल्या वर्षी एका वस्तीत फलक लागला, तर दुसऱ्या वर्षी शेजारच्या वस्तीला तो लावावा लागेल. मूर्तीच्या उंचीची स्पर्धा करणाऱ्या मंडळांना या स्पर्धेत उतरणे जड जाऊ नये. येत्या भाद्रपदात पांढरकवड्याच्या एखाद्या चौकात असा एक फलक झळकला आणि त्याखाली खजिनदार म्हणून एखाद्या आईची सही दिसली, तर तेवढ्यानेही पुष्कळ काम होईल.